पान पिवळे, दुखणे मुळाशी : डोळ्यांचे काही वेगळे विकार



उसाचे पान पिवळे पडले तर आपण काय करतो? सरीत बसून माती उकरतो. पाणी तुंबले आहे का, हुमणी लागली आहे का, जमिनीत लोह कमी पडले आहे का, ते बघतो. पान पिवळे दिसते, पण दुखणे मुळाशी असते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

डोळ्याच्या बाबतीत मात्र हेच शहाणपण आपण विसरतो. डोळा लाल झाला की "डोळे आले असतील" म्हणायचे आणि मेडिकलमधून थेंब आणायचे. कमी दिसायला लागले की "वय झालं" म्हणायचे आणि बाजारात चष्मा घ्यायचा. पुष्कळदा यावर निभावतेही. पण काही वेळा डोळ्याचे दुखणे साखरेच्या आजारातून, जुन्या तापातून किंवा दुसऱ्याच आजारासाठी घेतलेल्या गोळीतून आलेले असते. ते वेळेवर ओळखले तर दृष्टी राहते. उशीर झाला तर गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. या अंकात अशाच काही विकारांची माहिती करून घेऊ.

१. डोळा शरीरापासून वेगळा नाही

डोळ्याच्या मागच्या बाजूला आतून एक पातळ पडदा असतो. वस्तूचे चित्र त्यावर उमटते आणि दृष्टीच्या नसेतून मेंदूकडे जाते. या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या डॉक्टरांना बाहुलीतून, कुठेही न कापता, प्रत्यक्ष दिसतात. शरीरात अशी जागा हीच. म्हणून मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा आजार यांचा पत्ता काही वेळा डोळा तपासणाऱ्याला आधी लागतो.

उलट बाजूही आहे. पोटात घेतलेली गोळी रक्तावाटे सगळीकडे जाते, तशी डोळ्यातही जाते. गुडघ्यासाठी घेतलेली गोळी फक्त गुडघ्यातच जाईल असे नसते.

२. साखरेचा आजार : नंबर का पळतो, एकाचे दोन का दिसतात

मधुमेहाने पडदा खराब होतो हे आता बहुतेकांच्या कानावर आहे. यात सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही आणि दिसतेही व्यवस्थित. दिसायचे कमी होते तोवर पडद्यावर बरेच नुकसान झालेले असते. म्हणून प्रौढपणी मधुमेह निघाला तर निदान होताच एकदा आणि पुढे वर्षातून एकदा, बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासून घ्यावा. थेंबांमुळे चार-पाच तास अंधूक दिसते आणि ऊन सहन होत नाही. त्या दिवशी मोटारसायकल स्वतः चालवत जाऊ नये, घरच्या कोणाला बरोबर न्यावे.

याच आजाराच्या दोन खुणा लोकांना फारशा माहीत नाहीत.

पहिली खूण चष्म्याची. रक्तात साखर फार वाढली की डोळ्यातल्या भिंगात पाणी धरते आणि नंबर बदलतो. औषध सुरू होऊन साखर उतरली की तो पुन्हा बदलतो. "महिन्यापूर्वी केलेला चष्मा आता चालंना" अशी तक्रार यातून येते. चष्मेवाल्याचा त्यात दोष नसतो. साखर काही आठवडे एका पातळीवर राहिल्याशिवाय नवा चष्मा करू नये. आणि चाळिशी उलटलेल्या माणसाचा नंबर उगीच पळायला लागला तर आधी रक्तातली साखर तपासावी.

दुसरी खूण अशी की एखादे दिवशी सकाळी उठल्यावर एका वस्तूच्या दोन दिसतात. एक डोळा झाकला की पुन्हा एकच दिसते. कधी एक पापणी खाली उतरते. डोळा हलवणाऱ्या नसेला रक्तपुरवठा कमी पडल्याने मधुमेहात असे होते. साखर आटोक्यात आणली तर पुष्कळांचे तीन-चार महिन्यांत आपोआप सुधारते. परंतु मेंदूतली रक्तवाहिनी फुगून नसेवर दाब आला तरी अशीच लक्षणे दिसतात, आणि ते जिवावरचे दुखणे आहे. तेव्हा एकाचे दोन दिसू लागले किंवा पापणी पडली, तर "बघू आठवडाभर" असे म्हणू नये. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जावे.

रक्तदाबाविषयी थोडक्यात सांगायचे तर, एका डोळ्याची दृष्टी न दुखता अचानक गेली, तर पडद्याची रक्तवाहिनी तुंबलेली असू शकते. हेही त्याच दिवशी दाखवण्याचे काम आहे.

३. फडातला ताप आणि मागाहून येणारा लाल डोळा

हा भाग उसाशी थेट संबंधित आहे. म्हणून थोडा सविस्तर पाहू.

उंदीर-घुशींच्या मुतातून लेप्टोस्पायरा नावाचे जंतू ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात मिसळतात. कुत्री, डुकरे व गुरे यांच्याकडूनही ते पसरतात. पायाला चीर असेल, हाताला उसाच्या पातीने कापलेले असेल, तर तिथून ते अंगात शिरतात. या रोगाचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचे, गंभीर रूप जर्मन डॉक्टर अॅडॉल्फ वाइल यांनी १८८६ मध्ये वर्णन केले.

ऊस आणि हा ताप यांचे नाते जुने आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या इंगहॅम या ऊसपट्ट्यात १९३३-३४ च्या सुमारास तोडणी मजुरांमध्ये या तापाची साथ आली आणि काही मजूर दगावले. फडात उंदीर मातले होते. आधी फड जाळा, मगच तोडू, अशी मागणी करून मजुरांनी संप केला आणि १९३४ मध्ये तोडणीपूर्वी फड जाळण्याचा हुकूम निघाला. पुढे यंत्राने तोडणी आल्यावर त्याच क्वीन्सलँडमध्ये हिरवा ऊस तोडून पाचट रानात ठेवण्याची पद्धत रुजली. आपणही पाचट जाळू नये, ते जमिनीचे अन्न आहे. परंतु पाचट ठेवायचे तर उंदरांचा बंदोबस्त आणि पायात बूट या दोन गोष्टी त्याबरोबर आल्याच.

या तापात अंग मोडून येते, पोटऱ्या फार दुखतात आणि दोन्ही डोळे लालबुंद होतात, पण चिपडे येत नाहीत. साध्या डोळे येण्यात चिपडे किंवा पाणी येते, ताप बहुधा नसतो. पावसाळ्यात किंवा पूर ओसरल्यावर, चिखलात काम केलेल्या माणसाला ताप, पोटऱ्यांत कळा आणि कोरडे लाल डोळे अशी तीन लक्षणे दिसली तर "मी चिखलात काम केले आहे" असे डॉक्टरांना आपणहून सांगावे. कावीळ होईपर्यंत थांबू नये. मुंबईत २६ जुलै २००५ च्या पुरानंतर या रोगाची मोठी साथ आली होती, हे अनेकांना आठवत असेल.

आता डोळ्याचा दुसरा अंक. ताप बरा होतो, माणूस कामाला लागतो. मग काही आठवड्यांनी किंवा काही महिन्यांनी एक डोळा, कधी दोन्ही, लाल होतो. उजेड सहन होत नाही, डोळा आतून ठणकतो, धूसर दिसते, डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगतात. ही डोळ्याच्या आतल्या भागाची सूज. डॉक्टर तिला युव्हिआयटिस म्हणतात. तमिळनाडूत मदुराई भागात १९९३ साली अतिवृष्टी होऊन पूर आला. त्यानंतर १९९४ मध्ये तेथील अरविंद नेत्र रुग्णालयात असे आतून सुजलेले डोळे घेऊन रुग्ण मोठ्या संख्येने येऊ लागले. शोध घेता लेप्टोशी संबंध जुळला. घोड्यांनाही याच जंतूंमुळे वारंवार डोळे सुजण्याचा रोग होतो आणि शेवटी घोडा आंधळा होतो.

माणसाच्या बाबतीत समाधानाची गोष्ट ही की वेळेवर उपचार झाले तर बहुतेकांची दृष्टी चांगली परत येते. अडचण एवढीच की दोन महिन्यांपूर्वीचा ताप आणि आजचा लाल डोळा यांचा संबंध रुग्णाच्या डोक्यात येत नाही. तो सांगत नाही आणि डॉक्टरांच्याही लक्षात येत नाही.

अशी आतली सूज आणखी काही आजारांत येते. पंचविशी-तिशीतल्या मुलाची कंबर पहाटे आखडत असेल, हालचाल केल्यावर मोकळी होत असेल आणि त्याचा एक डोळा पुन्हा पुन्हा लाल होऊन दुखत असेल, तर ही दोन दुखणी एकाच मणक्याच्या संधिवाताची असू शकतात. क्षय आणि कुष्ठरोग यांतही डोळा आतून सुजू शकतो.

४. एकच थेंब : एकाला तारतो, दुसऱ्याला मारतो

वर सांगितलेल्या आतल्या सुजेवर मुख्य औषध स्टेरॉइडचे थेंब हेच असते. डॉक्टर ते बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांबरोबर देतात आणि नजर ठेवून हळूहळू कमी करतात.

आता दुसरा लाल डोळा बघा. ऊस तोडताना किंवा पाचट काढताना पात डोळ्याला लागते. बुबुळावर बारीक ओरखडा उठतो आणि पातीवरची बुरशी त्यात शिरते. चार-आठ दिवसांनी डोळा लाल, पाणी, खुपणे आणि बुबुळावर पांढरा ठिपका. इथे स्टेरॉइडचा थेंब टाकला तर एक-दोन दिवस लाली उतरते. "गुण आला" असे वाटते. प्रत्यक्षात शरीराचा प्रतिकार दाबला गेलेला असतो आणि बुरशी बुबुळात खोल उतरते. पुढे फूल पडते, बुबुळाला भोक पडते, कधी डोळाच काढावा लागतो. बुरशीचे औषध वेगळे असते. ते सुरुवातीला तासातासाला आणि पुढे कित्येक आठवडे घालावे लागते.

दोघांचा डोळा लाल, दोघांना उजेड नको, दोघांच्या डोळ्याला पाणी. भिंगातून तपासल्याशिवाय हा फरक कोणालाच सांगता येत नाही, मग तो दुकानदार असो की शेजारी. म्हणून पात लागल्यावर डोळा स्वच्छ पाण्याने धुवावा, चोळू नये, दूध-मध-पाल्याचा रस काही घालू नये, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत खुपणे थांबले नाही तर दाखवावे.

बाटलीवरचे नाव वाचायला शिका. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही सर्व स्टेरॉइड आहेत. जंतुनाशक थेंबांतही ते पुष्कळदा मिसळलेले असते. घरात उरलेली जुनी बाटली दुसऱ्याच्या डोळ्यात कधीही घालू नये.

स्टेरॉइडचा आणखी एक छुपा घाव आहे. थेंब महिनोन्‌महिने चालू राहिले तर साधारण तिघांतल्या एकाच्या डोळ्यातला दाब थोडाफार वाढतो आणि शंभरातल्या पाच-सहांचा फार वाढतो. हा काचबिंदू. तो दुखत नाही. बाजूची नजर आधी जाते आणि कळते तोवर नस वाळलेली असते. दर उन्हाळ्यात डोळ्यांना खाज सुटणारी शाळकरी मुले असतात. त्यांना थेंबाने बरे वाटते म्हणून आईवडील तीच बाटली वर्षानुवर्षे आणत राहतात. असे पोर पुढे कायमचे अंध होऊ शकते.

दमा, संधिवात, कातडीचे रोग यांसाठी पोटात घेतलेल्या स्टेरॉइडनेही काचबिंदू आणि अकाली मोतीबिंदू होतो. सांधेदुखीवर बिननावाच्या पुड्या व गोळ्या विकल्या जातात, त्यांतही स्टेरॉइड मिसळलेले आढळून आले आहे. दोन दिवसांत जादूसारखा गुण आला तर शंका घ्यावी. मात्र पुष्कळ दिवस चाललेली स्टेरॉइडची गोळी एकदम बंद करू नये, त्याने जिवाला धोका होतो. डॉक्टरांच्या सांगण्याने ती हळूहळू उतरवावी लागते.

५. क्षयाचे औषध आणि लाल-हिरवा रंग

क्षयावरच्या औषधांत इथॅम्बुटॉल नावाचे औषध असते. १९६१ मध्ये ते सापडले आणि त्याने असंख्य रुग्णांना साथ दिली. पण काही थोड्या रुग्णांत ते दृष्टीच्या नसेला बाधते. हे बहुधा दोन महिने उलटल्यावर होते. मात्रा जास्त झाली किंवा मूत्रपिंड कमजोर असले तर धोका वाढतो. पूर्वी साध्या क्षयात हे औषध बहुधा पहिले दोन महिनेच देत. आता सरकारी उपचारात ते सहाही महिने असते. म्हणून ही खूण माहीत असणे जरूर आहे.

सुरुवातीला दोन्ही डोळ्यांना मधोमध धूसर दिसते. रंग फिके पडतात, विशेषतः लाल आणि हिरवा. कुंकू विटल्यासारखे दिसते. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, चष्म्याने सुधारत नाही. असे वाटले तर त्याच दिवशी उपचार केंद्रावर सांगावे. औषध वेळीच बदलले तर पुष्कळांची दृष्टी हळूहळू सुधारते. उशीर झाला तर नस कायमची जाते.

पण ही माहिती वाचून कोणी क्षयाच्या गोळ्या मनाने सोडू नयेत. उपचार अर्धवट सोडला तर रोग उलटतो, औषधांना दाद देईनासा होतो आणि घरच्यांना लागतो. कोणते औषध थांबवायचे आणि कोणते चालू ठेवायचे हे डॉक्टरच ठरवतील. आणखी एक गोष्ट. त्याच उपचारातल्या रिफॅम्पिसिनने लघवी आणि डोळ्याचे पाणी नारिंगी होते, त्याची काळजी करण्याचे कारण नाही.

६. आणखी काही गोळ्या

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन : संधिवातावर, आणि आपल्याकडे मधुमेहावरही, हे औषध दिले जाते. २०२० च्या कोरोनाच्या काळात त्याचे नाव घरोघरी पोचले. योग्य मात्रेत ते चांगले औषध आहे. पण वर्षानुवर्षे घेतल्यास पडद्याच्या मध्यभागाला इजा होऊ शकते आणि ती भरून येत नाही. रोजची मात्रा वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी. सुरू करताना एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी पडदा तपासावा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर त्याहून आधीपासून.

टॅमसुलोसिन : प्रोस्टेट वाढून लघवी अडकते तेव्हा वयस्कर मंडळींना ही गोळी मिळते. तिने दिसणे बिघडत नाही. पण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बाहुलीभोवतीचा पडदा ढिला पडून हलतो आणि काम अवघड होते. २००५ मध्ये ही गोष्ट प्रथम उजेडात आली. डॉक्टरांना आधी कळले तर ते तशी तयारी ठेवतात. शिबिरात नाव नोंदवताना आजोबांनी ही गोळी जरूर सांगावी. पूर्वी घेऊन सोडली असेल तरी सांगावी.

टोपिरामेट : अर्धशिशी आणि फीट यांवरचे औषध. सुरू केल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत क्वचित एखाद्याला अचानक लांबचे दिसेनासे होते, दोन्ही डोळे ठणकतात, मळमळते. हा तातडीचा प्रसंग आहे. लगेच दाखवल्यास दृष्टी वाचते.

डिगॉक्सिन : हृदयाची गोळी. अंगात जास्त साठली तर सगळे पिवळसर दिसते. ज्या वनस्पतीपासून या जातीची औषधे आली तिच्यावर १७८५ मध्ये पुस्तक लिहिणारे इंग्रज डॉक्टर विल्यम विदरिंग यांनीही हे पिवळे-हिरवे दिसणे नोंदवले होते. अशा वेळी बिघाड डोळ्यात नसतो, मात्रा तपासावी लागते.

सल्फाची औषधे व फीटवरची काही औषधे : नवी गोळी सुरू केल्यावर ताप, अंगावर चट्टे, तोंड सोलवटणे आणि डोळे लाल होणे ही एकत्र आली तर गोळी थांबवून थेट मोठे रुग्णालय गाठावे. जीव वाचला तरी डोळे कायमचे कोरडे पडून दृष्टी जाऊ शकते. त्या औषधाचे नाव जन्मभर लक्षात ठेवावे.

७. बांधावरचा धोत्रा

बांध साफ करताना धोत्रा उपटला आणि तोच हात डोळ्याला लागला, तर त्या डोळ्याची बाहुली मोठी होते. जवळचे वाचता येत नाही, उन्हात डोळा दिपतो. एक बाहुली मोठी आणि एक लहान पाहून घरचे घाबरतात, दवाखान्यात मेंदूच्या तपासण्या सुरू होतात. धोत्र्याचा अंमल काही दिवसांत आपोआप उतरतो. "सकाळी धोत्रा उपटला होता" हे एक वाक्य सांगितले तर खर्च आणि घोर दोन्ही वाचतात.

८. घरच्या घरी दोन मिनिटांची परीक्षा

महिन्यातून एकदा भिंतीवरचे कॅलेंडर दोन-तीन हातांवरून, वाचायचा चष्मा असल्यास तो लावून हातभर अंतरावरून, वाचा. आधी उजवा डोळा तळहाताने झाका, मग डावा. दोन्ही डोळे उघडे ठेवून परीक्षा करू नका, कारण एक डोळा गेलेला असला तरी दुसरा भरून काढतो आणि पत्ता लागत नाही. लाल तारखा दोन्ही डोळ्यांना सारख्याच लाल दिसतात का, सरळ रेघ सरळ दिसते का, ते बघा. मागच्या महिन्यापेक्षा फरक वाटला तर तपासून घ्या.

आणि एक सवय लावून घ्यावी. उसाची नोंद देताना आपण लागणीची तारीख, जात, क्षेत्र सगळे बिनचूक सांगतो. तशीच आपल्या शरीराची नोंद एका वहीत ठेवावी : कोणते आजार, कोणत्या गोळ्या, कधीपासून, कोणत्या औषधाने अंगावर उठले, गेल्या सहा महिन्यांत कोणता ताप आला. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाताना ही वही आणि गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत. "डोळ्याचं दाखवायला आलोय, पोटाच्या गोळ्या कशाला सांगू?" असे मनात आणू नये.

स्वतःला विचारून पाहण्याचे प्रश्न

१. घरात मधुमेहाचा रुग्ण असेल तर त्याचा पडदा शेवटचा कधी तपासला?
२. कपाटात डोळ्याच्या थेंबांची उघडी बाटली आहे का? तिच्यावर कोणते नाव आहे?
३. घरात किंवा टोळीत कोणाचा क्षयाचा उपचार चालू असेल, तर त्याला लाल-हिरव्या रंगाची खूण कोणी सांगितली आहे का?
४. आपल्या फडात काम करणाऱ्यांच्या पायात बूट असतात का? पाचट काढताना डोळ्यावर साधा चष्मा असतो का?

यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर देताना आपण थांबलात, तर ते काम या आठवड्यात उरकावे. आणि हा लेख वाचून झाल्यावर आपल्या फडातल्या तोडणी मजुरांनाही वाचून दाखवावा. पात आधी त्यांच्याच डोळ्याला लागते.